स्पीकरवरचा रविवार

"स्नेहा, स्पीकर बंद कर गं जरा."

ट्रेनिंगमधून फोनवर सुमेध असं म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. सगळ्यात आधी खटकायला हवी होती ती हीच गोष्ट, पण तेव्हा आम्हाला ती गंमत वाटली.

भरतीची तयारी करणारी मुलं जिथे पळतात, तिथे किस्से फार साठतात. पळून झाल्यावर लगेच कोणाला घरी जाववत नाही. पाय ताणत बसायचं, घाम पुसायचा आणि कोणीतरी कोणाचं तरी काढायचं. असं रोज. आमचं मैदान भिसेगावच्या पुढे आहे. कशेळ्याकडची मुलं पहिल्या जीपने येतात. मी काही पळत नाही. माझा चुलतभाऊ वैभव पळतो आणि मी मोबाइलवर सगळ्यांची वेळ लावते. त्यानंतर घरी जाऊन, आवरून, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. बी.कॉम. झाले त्याचा एवढाच उपयोग, असं माझी आई म्हणते.

तर मैदानाचा एक नियम आहे. जो भरती होईल, त्याने ट्रेनिंगमधून रविवारी मैदानावर फोन करायचा. तो फोन माझ्या मोबाइलवर येणार, कारण बाकी सगळ्यांचे हात घामाने ओले. आणि फोन कायम स्पीकरवर! हा नियम हवालदारकाकांचा. काका फौजेतून रिटायर झालेले, मुलांना फुकट शिकवतात. "तिथं काय काय करून घेतात ते इथल्या पोरांना कळू दे," ते म्हणायचे. "कानात कुजबुजायला ही काय तुमची बायको हाय?"

त्यामुळे सुमेधने स्पीकर बंद करायला सांगितल्यावर वैभव ओरडलाच, "का रं, पोरगी बघितलीस काय तिथं? सगळ्यांसमोर सांग."

मागून कोणीतरी म्हणालं, लताकाकींना कळवू का? लताकाकी म्हणजे सुमेधची आई.

सुमेध म्हणाला, "बरं, राहू दे. जेवण चांगलं हाय इथं."

जेवणाचं त्याला कोणीच विचारलं नव्हतं.

* * *

मला दचकायची सवय आहे. कुकरची शिट्टी झाली, दचकले. दवाखान्यात पेशंट आतून ओरडला की पेशंटच्या आधी मी उठून उभी. मैदानावर काका शिट्टी मारायचे, मी दचकायचे आणि मग बटण दाबायचे. रोज. म्हणजे प्रत्येकाची वेळ खऱ्यापेक्षा कमी दाखवत होती आणि आमची मुलं आपण हरणासारखी पळतो अशा समजुतीत होती.

पहिल्या भरतीत हे उघडकीला आलं. वैभव सोळाशे मीटरमध्ये बाहेर. परत येऊन माझ्याकडे असा बघत राहिला, की मी घरी जेवलेच नाही.

त्या भरतीत आमच्यातला एकटा सुमेध निघाला. त्याला पेढा भरवताना काकांनी विचारलं, "सगळे राहिले, मग तू कसा काय पळालास रं?"

"काका, मला वाटलं माझी वेळ लई भारी हाय," सुमेध म्हणाला. "त्या वाटण्यावरच पळालो. स्नेहा दचकली म्हणून मी फौजेत चाललोय."

त्यानंतर काकांनी शिट्टी बंद केली. आता ते लाल टॉवेल खाली टाकतात आणि मी बघून बटण दाबते. माझं नाव मात्र टाइमवाली पडलं ते पडलंच.

* * *

सुमेध कशाला घाबरत नव्हता असं नाही. तो उंचीला घाबरायचा.

जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीवर निळा झेंडा बांधायचा होता. आम्ही सगळे मदतीला गेलो होतो. सुमेध शिडीच्या दोन-तीन पायऱ्या चढला आणि तिथेच चिकटला. वर जाईना, खाली येईना. डोळे घट्ट मिटलेले. वैभवने खालून त्याचा पाय धरून एकेका पायरीवर ठेवला, तेव्हा कुठे तो जमिनीवर आला.

"फौजेत जाणार तू? आणि शिडीला घाबरतो?"

"दुश्मन समोरनं येतो रं," सुमेध म्हणाला. "टाकीवर कशाला राहील?"

तेवढ्यात लताकाकी आल्या. त्यांनी बघितलं, पदर खोचला, झेंडा खांद्यावर टाकला आणि सरसर वर चढून बांधून आल्या. सुमेध खाली शिडी धरून उभा. तो फोटो आमच्या ग्रुपवर कितीतरी दिवस फिरत होता. वरती आई, खाली जवान!

* * *

ट्रेनिंगला गेल्यावर पहिल्या रविवारच्या फोनमध्ये त्याने सांगितलं की तिथे दोरावर चढवतात. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. मी डोळे मिटून चढतो, म्हणाला. उतरताना शिकवणारे उस्ताद शिव्या देतात, त्या मोजत उतरतो, म्हणजे भीती वाटत नाही.

एकदा त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली म्हणून शेजारच्या पलंगावरच्या मुलाच्या फोनवरून फोन आला. तो मुलगा बिहारचा, अभय नावाचा. सुमेधने त्यालाही बोलायला लावलं. अभय आधी लाजला, मग म्हणाला, "सब को नमस्ते. इसमें टाइमवाली दीदी कौन हैं?"

मी दचकले. सगळं मैदान हसलं.

"दीदी, ये रात को आप सब के किस्से सुनाता है. सोने नहीं देता. टंकीवाला तो मुझे पूरा याद हो गया."

तो नंबर मी 'सुमेधचा अभय' म्हणून सेव्ह करून ठेवला.

* * *

स्पीकर बंद कर म्हणाला, त्याच्यापुढचा रविवार आलाच नाही. म्हणजे आला, फोन आला नाही. त्या रविवारच्या आधीच लताकाकींना फोन आला होता. त्या तांदूळ निवडत होत्या. समोरच्या माणसाने हिंदीत सांगितलं, तुमचा मुलगा टाकी साफ करायला चढला होता, पाय घसरला, तो राहिला नाही.

काकींनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा नंबर चुकला. माझा मुलगा टाकीवर चढत नाय." फोन ठेवला आणि परत तांदूळ निवडायला लागल्या.

फोन पुन्हा वाजला. पुन्हा त्यांनी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सुमेधच्या बाबांनी उचलला. ते टेंपो चालवतात, नुकतेच जेवायला घरी आले होते. काकी त्यांना म्हणत होत्या, "त्यांना सांगा ना, चुकीचं घर लागलंय." बाबा उभे होते ते खाली बसले. हे मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं आणि ते ऐकताना मला दचकताही आलं नाही.

* * *

त्याला घरी आणलं तेव्हा बरोबर एक साहेब आले होते. वागायला चांगले होते. चपला बाहेर काढून आत आले, खाली बसले, पाणी प्यायले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं की मुलगा तणावाखाली होता. स्वतःच चढला. उडी मारली.

बाबा म्हणाले, फोनवर तर टाकी साफ करताना घसरला म्हणून सांगितलं.

साहेब म्हणाले, ते आधी कळलं तसं सांगितलं असेल. मग त्यांनी समजावल्यासारखं म्हटलं, "बच्चा बहुत शांत स्वभाव का था. किसी से बात नहीं करता था."

आणि वैभवला हसू फुटलं.

घरात सुमेधचा मृतदेह, बाहेर अख्खी वस्ती, आणि वैभव हसत होता. मग दारात उभा असलेला दुसरा मुलगा हसला, त्याच्या मागचा हसला. सुमेध आणि शांत! काकांनी ज्याला गप्प बसवायला जास्तीचे राउंड मारायला लावले, तो शांत! ते हसणं थांबवता येईना. मी तोंडावर ओढणी दाबून धरली होती. साहेब एकेकाकडे बघत राहिले.

लताकाकींनी वैभवकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत. साहेबांना एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुमी दुसऱ्याच कोणाचं तरी सांगताय."

* * *

सुमेधच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खालापूरकडचे एक गृहस्थ आले. मोटरसायकल लांब लावून बराच वेळ बाहेरच उभे होते. त्यांना कोणी ओळखत नव्हतं. चहा दिला तर घेतला नाही. शेवटी म्हणाले, "माझा पोरगा पण त्याच सेंटरला होता. पावसाळ्याच्या आधी गेला. पळताना छातीत कळ आली म्हणाले."



"एक इचारू का?" ते बाबांना म्हणाले. "तुमच्या पोराला पण शांत होता असंच म्हणाले का?"

माझ्या हातातून चहाचा ट्रे निसटला. कप फुटले, चहा चटईवर सांडला. कोणी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

* * *

हवालदारकाकांचं सगळ्यात अवघड होतं. फौजेबद्दल वाकडं बोललेलं त्यांना चालत नाही. पहिले काही दिवस ते मैदानावर आले की फक्त टॉवेल टाकायचे. चौकशी फौजेचेच लोक करतात, करतील, एवढंच म्हणायचे. खालापूरच्या काकांना भेटल्यावर मात्र दोन दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते जुन्या, मेडल लावलेल्या कोटात. आम्हाला घेऊन एसटी स्टँडजवळ टेबल मांडून बसले. मागणी एकच, चौकशी त्या सेंटरच्या बाहेरच्या माणसांनी करावी. दोन्ही मुलांची.

लोक सह्या करत होते. एक जण थांबला, वाचलं आणि म्हणाला, "काका, तुमी असून फौजेचं नाव खराब करता?"

काका उठून उभे राहिले. मला वाटलं आता मारतात.

"मी त्या फौजेचं अन्न खाल्लंय," काका म्हणाले. "सुमेधला मीच पाठवला तिथं. उद्या दुसऱ्या पोराची आई माझ्या दारात आली, तर तुला बोलवू का उत्तर द्यायला?"

त्याने सही केली. पेन खिशात घालून निघाला होता, ते मात्र वैभवने परत मागून घेतलं.

* * *

खालापूरच्या काकांच्या ओळखीचे एक वकील खोपोलीला आहेत. आम्ही सगळे गेलो. मी सगळं सांगितलं. टाकी, शिडी, झेंडा, फोटो, दोरावरचे मिटलेले डोळे, स्पीकर बंद कर. माणूस भला होता, मध्ये एकदाही तोडलं नाही.

ऐकून झाल्यावर म्हणाले, "ताई, माझा तुमच्यावर विश्वास बसला. पण ते म्हणतील, ट्रेनिंगमध्ये उंचीची भीती जाते. मग? तुमच्याकडे आहेत ते किस्से आहेत. त्या दिवशी तिथे असलेला माणूस पाहिजे. एक असला तरी बाहेरची चौकशी मागायला जोर येईल."

परतताना गाडीत भिवपुरीकडचा एक मुलगा मागच्या सीटवर रडत होता, खिडकीकडे तोंड करून. मग लताकाकी मागे वळल्या आणि मला म्हणाल्या, "तो बिहारचा पोरगा गं? त्याला टंकीचा किस्सा पाठ हाय ना?"

* * *

तेव्हापासून रविवारचा फोन आमच्याकडून जातो. ट्रेनिंगमध्ये मोबाइल जमा असतात, रविवारीच हातात मिळतात, हे आम्हाला सुमेधनेच सांगितलेलं. पळून झालं की सगळे गोल बसतात. मी 'सुमेधचा अभय' लावते, सवयीने स्पीकर दाबते, फोन मध्ये गवतावर ठेवते. पहिल्या वेळी रिंग वाजून वाजून बंद झाली. नंतर कट केला. नंतर कितीतरी रविवार बंदच. वैभव म्हणाला, त्याने नंबर बदलला असेल, तूपण सोड आता. काका म्हणाले, लाव.

लताकाकी पण येतात हल्ली. थर्मासमध्ये चहा आणतात, सगळ्यांना देतात, आणि फोन लावायच्या वेळी सुमेध बसायचा त्या दगडावर जाऊन बसतात. खालापूरचे काका मोटरसायकलला टेकून उभे राहतात. त्यांना कोणी बस म्हणत नाही.

गेल्या रविवारी रिंग गेली. मी मनात म्हटलं, आता कट होईल. झाली नाही. हवालदारकाका चहाचा कप हातात धरून तसेच थांबले होते.

मग रिंग मध्येच तुटली आणि पलीकडून पाण्याचा आवाज यायला लागला. कोणीतरी नळ मोठा सोडून ठेवल्यासारखा.

"हॅलो," मी म्हणाले. "अभय?"

नुसतं पाणी. मग अगदी हळू, तोंडाजवळ हात धरून बोलावं तसं, "टाइमवाली दीदी?"

"हां. हां, बोलो."

"सब बैठे हैं वहाँ?"

मी वर बघितलं. काकी दगडावरून उठल्या होत्या. हातात थर्मासचं झाकण तसंच होतं.

"हां," मी म्हणाले.

"पहले स्पीकर बंद कीजिए, दीदी."