सुपातले पाच दाणे

राठोड सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला बारावीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवत होते. पहिला विचार काय यावा? आता सांगायचं राहूनच गेलं. रडू नंतर आलं... लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं.

सर आर्णीच्या कॉलेजात मला गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर तांड्यावरच्या घरी राहायला गेले आणि लॅटिसच्या नादी लागले. लॅटिस म्हणजे खालीवर मांडलेले बिंदू; कुठल्याही दोघांच्या वर त्यांचा सगळ्यात जवळचा असा एक सामाईक बिंदू असतो, खालीही तसाच. सरांना ते कागदावर नाही, सुपात मांडायची खोड. तुरीचे दाणे म्हणजे बिंदू, खराट्याच्या काड्या म्हणजे रेघा. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वैतागायच्या, आता तूर कशात पाखडू म्हणून. गुणाकार बेरजेवर वाटून टाकायचा शाळेतला वितरणाचा नियम लॅटिसमध्ये कधी चालतो, कधी नाही, एवढ्यावर त्या भल्या माणसानं म्हातारपण घातलं. पाच बिंदूंच्या पंचकोनात तो मोडतो. खाली एक, वर एक, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एकटाच. काहीही सिद्ध करा, आधी पंचकोन तपासा, हे त्यांनीच माझ्या डोक्यात ठोकून बसवलेलं.

दिवाळीनंतर मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी वही पुढं केली. कित्येक वर्षं खपून त्यांनी एक नवी नित्यसमानता शोधली होती. ती जिथं चालेल तिथं वितरणाचा नियमही चालणारच, असा दावा. पंचकोनात ती मोडते, हेही तपासलेलं. पण त्या तपासणीच्या तिसऱ्या ओळीत वरचा बिंदू घ्यायचा तिथं खालचा घेतला होता. ती ओळ दुरुस्त केली की नित्यसमानता पंचकोनातही बिनबोभाट चालत होती. म्हणजे वितरण मोडतं तिथंही ही चालते; सगळंच मुसळ केरात.

"काही खटकलं काय तुले?" सरांनी विचारलं.

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "नाही सर. बरोबर वाटतं."

"मंग ठीक आहे," एवढंच ते म्हणाले. तीन आठवड्यांनी झोपेतच गेले.

तेव्हापासून तो पंचकोन माझी पाठ सोडत नाही. डाळ निवडताना पाच दाणे बाजूला पडले की हात थांबतो. वर्गात पाठीमागून कुणीतरी 'तपासलं काय?' असं विचारल्याचा भास होतो... वळून बघायची हिंमत होत नाही. तेराव्यानंतर मी काकूंकडं गेले. ओसरीत सरांची खुर्ची, समोर सूप, सुपात पाच दाणे. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एकटाच.

"तू गेली त्याच दिवशी मांडलं त्यायनं," काकू म्हणाल्या. "मले हात लावू देला नाही. म्हणे, पोरीनं चूक पाह्यली, मले तिच्या तोंडावर दिसलं. पोरगी येईन अन् सांगन." मग म्हणाल्या, "आता उचलू काय हे?"

मी रिकाम्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले, विद्यार्थिनी असताना बसायचे तशी, आणि मोठ्यानं म्हणाले, "सर, तिसऱ्या ओळीत चूक आहे."

काकूंनी दाणे उचलले नाहीत. त्या खुर्चीकडं बघत राहिल्या, मीही.