पटकीच्या सालचा हगामा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगत होतात की साथीमुळे तुमच्याकडचे फुटबॉलचे सामने रिकाम्या मैदानात होतात आणि टाळ्यांचा आवाज टीव्हीवाले वरून लावतात. धाकटीने विचारलं, "आजी, तुमच्याकडे असं कधी झालं होतं?" आणि तेवढ्यात फोन तुटला. उत्तर मोठं आहे, म्हणून लिहूनच पाठवते. शिवाय ते सांगणारी आता मी एकटीच उरले आहे.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. तुमचे आजोबा कारखान्यात होते म्हणून आम्ही चिंचवडला राहायचो. पण घर, शेत, सणवार सगळं चाकणच्या अलीकडच्या आमच्या गावात. गावच्या जत्रेत कुस्त्या व्हायच्या. आमच्याकडे त्याला हगामा म्हणतात. सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या, बक्षीस रेवड्यांचं, आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती.

त्या वर्षीची शेवटची कुस्ती माझ्या धाकट्या दिरांची होती. ते कारखान्यात बदली कामगार होते, म्हणजे कुणी गैरहजर असलं तर त्या दिवसापुरतं काम. कारखान्याला स्पर्धेसाठी एक पैलवान हवा होता आणि तिथले एक साहेब ही कुस्ती बघायला यायचे होते. पसंत पडले तर भाऊजींना कायमची नोकरी. घरात दुसरा विषय नव्हता.

आणि नेमकी जत्रेच्या तोंडावर नदीकाठच्या गावांत पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. जत्राच बंद होणार अशी बोलवा उठली. हगाम्याचे पंच माझे सासरे होते. ते तालुक्याला जाऊन परवानगी घेऊन आले, पण एका अटीवर. मैदानाभोवती दोरी बांधायची आणि तिच्या आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने लस टोचून घ्यायची. मग तो प्रेक्षक असो, हलगीवाला असो की पैलवान.

टोचायला नर्सबाई एकट्याच आल्या. सुया उकळून द्यायला नीटनेटकं काम करणारं कुणी हवं होतं. गावातल्या बायका तेव्हा हगाम्याच्या वाटेलाही जात नसत. "तुझी शिकलेली सून बसव की," कुणीतरी सासऱ्यांना म्हणालं, आणि मी स्टो, पातेलं, चिमटा घेऊन मैदानाच्या तोंडाशी जाऊन बसले. खरं सांगते, सुयांचं निमित्त. मला कुस्ती बघायची होती.

बघण्यासारखं आधी रांगेतच होतं. एकमेकांना उचलून आपटणारी माणसं सुई दिसली की तोंड फिरवायची.

"अरं, अंग रेड्यावानी आन काळीज चिमणीचं?" मागून एकाने टोमणा मारला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने आधी डोळे मिटले, मग हात पुढे केला.

नर्सबाई सगळ्यांना डाव्या दंडात टोचत होत्या. ती लस फार दुखायची. दोन-तीन तासांत दंड सुजून जड व्हायचा. उजवा हात कामाचा, म्हणून डावा. भाऊजींची पाळी आली तसे ते म्हणाले, "बाई, मला उजव्यात टोचा."

समोरच्या पैलवानाचे वस्ताद शेजारीच उभे होते. "का रं? माझ्या पोराचा डावा सुजलाय. तुझाबी डावाच सुजंल."

"वस्ताद, मी डावखुरा हाय."

"आता सुई दिसल्यावर व्हय?"

सगळे हसले. सासरे पडले पंच. पंचाने स्वतःच्या मुलाची बाजू घ्यायची कशी? मला मात्र त्या प्रश्नाचंच कुतूहल वाटलं. न्याय कशात आहे? दोघांचा एकच हात सुजवण्यात, की दोघांचा कच्चा हात सुजवण्यात? आणि भाऊजींचा भरवशाचा हात गेला तर साहेब बघणार काय?

न राहवून मी बोलले, "ते जेवतात उजव्या हाताने, कारण सासूबाईंनी लहानपणी हातावर मारून सवय लावली. पण कोयता डाव्याच हाताने चालवतात."

बाईचा आवाज ऐकून रांगेतल्या माना वळल्या.

"घरच्या सुनंची साक्ष व्हय?" वस्ताद म्हणाले. मग आखाड्याच्या मातीत पिळायला आणलेल्या लिंबांतलं एक त्यांनी उचललं आणि न सांगता भाऊजींच्या तोंडावर फेकलं. भाऊजींनी ते झेललं. डाव्या हाताने.

वस्ताद हसले. "टोचा उजव्यात. सून खरं बोलती."

हगामा झाला, पण काही वेगळाच. निम्मं गाव सुईच्या भीतीने दोरीबाहेर, झाडांवर आणि बैलगाड्यांवर. आतली जागा मोकळी, त्यामुळे हलगी फार मोठ्याने वाजत होती. एरवी पैलवान दंडावर थाप मारून शड्डू ठोकतात. त्या दिवशी दंडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. सगळे न सुजलेल्या हाताने मांडीवर थाप मारत होते. भाऊजी आणि तो दुसरा पैलवान एकेक हात जपत झटत राहिले, डोक्यावर घागर असल्यासारखे. अंधार पडायला लागला तेव्हा पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली.

आणि साहेब? ते आले होते. नर्सबाईंच्या हातातली सुई बघून ते आल्या पावली जीपकडे वळले आणि रस्त्यावरूनच बघत राहिले.

"इतक्या लांबून काय दिसलं आसंल, वहिनी?" परत येताना भाऊजी म्हणाले.

आठवड्याभराने कारखान्यातून निरोप आला. साहेबांना चेहरे दिसले नव्हते, नावंही आठवत नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तो डाव्या हाताने थाप मारणारा कोण? त्याला पाठवा."

भाऊजींची नोकरी निवृत्तीपर्यंत टिकली. त्या मैदानावर आता कारखान्याची शेड आहे. हगामा गावाच्या दुसऱ्या अंगाला भरतो, बायकाही बघायला बसतात. भाऊजींना आता कमी ऐकू येतं आणि त्या दिवसातलं फारसं काही आठवत नाही. जेवतात मात्र अजून उजव्याच हाताने.