शालूने पोलिसाचे आभार मानले तेव्हा

शालू आज सकाळी गेली.

खरं तर ती अकराव्या वर्षीच जायची होती. लालबागच्या रस्त्यावर, शाळेच्या गणवेशात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही दोघी एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहायचो. भायखळ्याच्या मिशनच्या शाळेत बाकही एकच.

आमच्या वर्गाला रूथबाई होत्या. नगरकडच्या ख्रिस्ती, आवाज एकदम मऊ, पण शिस्त कडक.

दर शुक्रवारी प्रार्थना झाली की एकेकीने उभं राहून सांगायचं, या आठवड्यात कुणाचे आभार मानायचेत आणि का. मग सोमवारच्या आत त्या माणसाला स्वतः भेटून ते सांगायचं.

बाई म्हणायच्या, "देवाला न सांगता कळतं. माणसाला सांगावं लागतं."

आम्ही आईला सांगायचो, पाववाल्याला सांगायचो, हसत-लाजत. सोपं होतं ते.

मग एक दिवस शाळा मध्येच सोडली. बाहेर वातावरण तापलंय, सरळ घरी जा, म्हणाले.

लालबागला पोचलो तर दुकानांच्या फळ्या लागलेल्या. एका बाजूने दगड, दुसऱ्या बाजूने लाठ्या. पळापळीत शालूचा हात माझ्या हातातून सुटला. मी एका बोळात शिरले.

आणि गोळीबार सुरू झाला.

शालू रस्त्याच्या मधोमध उभी. हलेचना.

एक पोलीस धावत आला. तिला दंडाला धरून ओढत नेलं, बंद दुकानाच्या पायरीवर दाबून बसवलं आणि स्वतः तिच्यावर ओणवा झाला. दगड येतच होते. एक त्याच्या डोक्यात बसला, तरी तो बाजूला झाला नाही.

थोडं निवळल्यावर तिला म्हणाला, "पळ आता."

संध्याकाळी चाळीत बातमी आली. शालूच्या काकाला मांडीत गोळी लागली होती. पोलिसांची.

काही दिवसांनी शाळा उघडली. शुक्रवार आला. शालू उभी राहिली आणि म्हणाली, "मला एका पोलिसाचे आभार मानायचेत."

सगळ्या मुली वळून तिच्याकडे बघायला लागल्या.

मागून एक मुलगी म्हणाली, "बस खाली. माझा भाऊ आत आहे." दुसरी कुजबुजली, मिशनची शाळा, सरकारचीच बाजू घेणार. ते बाईंनीही ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

त्या शालूला म्हणाल्या की दिवस वाईट आहेत, या खेपेला मी तुला जा म्हणणार नाही.

शालू म्हणाली, "मग बाई, हा नियम सोप्या दिवसांपुरताच आहे का?"

बाईंनी पुढच्या मुलीला उभं केलं.

रविवारी आम्ही दोघी निघालो. नाक्यावर बंदोबस्त होता. तो दिसला. डोक्याला पट्टी होती, म्हणून लगेच ओळखला.

शालू समोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत, तुमचे आभार मानायला आले.

त्याने आधी मागे गाडीत बसलेल्या साहेबाकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाला की मी तुला ओळखत नाही, घरी जा. आणि लगेच, ओठ न हलवल्यासारखं, अगदी हळू: "बरी आहेस ना? परत इकडं येऊ नको, पोरी."

आम्ही घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी जिना चढली होती.

तेव्हा चाळीत चळवळीतली काही माणसं लपलेली होती, आणि आम्ही भर नाक्यात पोलिसाशी बोलून आलो होतो. गॅलरीत माणसं जमलेली. एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा. काय सांगून आलीस त्याला? शालूच्या बाबांनी हात उगारला.

आतून काकाची हाक आली. "तिला हंय धाडा."

काका खाटेवर होता, पाय बांधलेला. दारात सगळी चाळ. शालूने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग विचारलं, "नाव काय त्याचा?"

शालूला माहीत नव्हतं.

"आभार मानूक गेलंस, आणि नाव नाय इचारलंस?"

मग तो दाराकडे बघून म्हणाला की पोलिसांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण ज्याने आमचं पोर वाचवलं त्याला पोर भेटून आलं, यात कुणी काही बोलायचं नाही.

माणसं पांगली. सगळ्यांना पटलं होतं असं नाही. नळावर शालूच्या आईशी कितीतरी दिवस कुणी धड बोलत नव्हतं.

सोमवारी वर्गात शालू फक्त एवढंच म्हणाली, "सांगितलं, बाई." रूथबाईंनी तिला जवळ घेतलं. बाईंना रडताना आम्ही तेव्हाच पाहिलं.

नाव विचारायला शालू पुन्हा नाक्यावर गेली. तिथे दुसरेच पोलीस होते. तो परत कधी दिसला नाही.

पुढे राज्य झालं. शालू त्याच शाळेत शिक्षिका झाली, रिटायर होईपर्यंत. शुक्रवारची पद्धत तिने बंद पडू दिली नाही. नाव विचारून या गं, हे मुलींना आधी सांगायची.

लग्न, दोन मुली, तीन नातवंडं. प्रभादेवीच्या घरात, झोपेतच गेली.

तो माणूसही आता नसणार. पण त्याची नातवंडं कुठेतरी असतील, कदाचित फेसबुकवरही.

तुमचे आजोबा त्या काळात मुंबई पोलिसात असतील, डोक्यावर दगडाची जुनी खूण असेल, आणि ती कशी झाली हे त्यांनी घरी कधी सांगितलं नसेल, तर ऐका.

ती मुलगी भरपूर जगली.

शालू, नीट जा गं. तुझी खूप आठवण येईल.