गोरखनं लावलेला कौल

माझा धाकटा भाऊ गोरक्षनाथ पुण्याला मेट्रोत कामाला आहे असं सांगितलं की आमच्या गावातल्या, धावड्याच्या बाया विचारतात, "गाडी चालवतो का?" न्हाई बाई. गाडी वरून जाते. गोरख खाली जमिनीत खड्डे खांदत होता.

आमचं घर मेंढरांचं. चराईच्या जागा गेल्या, मागोमाग मेंढरं गेली, आणि गोरख मजुरीला पुण्याला गेला. तिथून फोनवर मला मेट्रो शिकवायचा. आधी रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकायचे. मोठं मशीन लावण्याआधी माणसांनी हातानं खड्डा घेऊन पाहायचं, खाली पाण्याची नळी हाय का, विजेची तार हाय का. मशीनला डोळे नसतात, म्हणून गोरख आधी. मंग मशीन खोल भोक पाडतं, त्यात लोखंडाचा पिंजरा सोडतात, सिमेंट ओततात, त्यावर खांब, खांबावर पूल, पुलावर रूळ. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं की जुन्या जालन्यात जाऊन एखादा खांब मीच उभा करीन. पण तिथल्या गल्ल्यांत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी भांडण लागतं, खांब कुठं मावायचा!

मंग अचानक त्याचं हे सांगणं बंद झालं. फोन यायचा, पण "जेवलीस का, गुडघा कसा हाय," एवढंच. मेट्रोचं नाव काढलं की म्हणायचा, "चालू हाय काम."

आकांक्षाला, माझ्या नातीला, पुण्याला नर्सिंगला नंबर लागला. मी तिच्यासंगं गेले. ती म्हणाली, "आजी, गोरखआजोबानं बांधलेल्या मेट्रोत बसू." गोरख आम्हाला ठेसनापर्यंत घेऊन आला. जिन्याशी आल्यावर त्याचे पाय थांबले.

"तुम्ही जा, आक्का. मी इथं थांबतो."

"का रे? तूच बांधली ना?"

जिन्याच्या कडेला एक म्हातारी झेंडूची टोपली घेऊन बसली होती, तिच्याकडं पाठ करून गोरख उभा राह्यला. तेवढ्यात दांडकंवाला शिपाई आला, "ए मावशी, उचल, किती वेळा सांगायचं?" म्हातारीनं टोपली उचलली, पलीकडं गेली. शिपाई वळला तशी परत आली. गोरखनं डोळे मिटून घेतले.

मी आकांक्षाला तिकिटाला वर पाठवलं आणि भावाला भिंतीकडं ओढलं. "आता बोल."

मंग बोलला. जिथं जिना हाय तिथं लिंबाखाली म्हसोबा होता. शेंदराचा गोळा, मांजराएवढा. उषाबाई, म्हणजे ही म्हातारी, तिथंच फुलं-नारळ विकायची. आमच्या जालन्याकडच्याच कुंभार पिंपळगावची. तरणीपणी लेकरू कडेवर घेऊन पुण्याला आल्ती, म्हसोबाच्या आडोशाला बसली ती बसलीच. गोरख जालन्याचा कळल्यावर त्याला रोज चहा पाजायची.

खांबाच्या आखणीत म्हसोबा आला. आजूबाजूचे दुकानदार म्हणाले, देव हलवायचा न्हाई. साहेबांनी कागद दाखवले, कोणी ऐकेना. शेवटी उषाबाईच म्हणाली, "देवाला इचारा. हा गोरख आपल्याकडचा हाय, ह्याचा बाप कौल लावायचा. देव जातो म्हणला तर मी बी टोपली उचलते."

आमचा बाप कौल लावायचा ते खरं. मेंढरं कोणत्या रानाला न्यायची ते म्हसोबाला विचारूनच ठरायचं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई. बापानंतर ते गोरखकडं आलं.

मुकादम काकासाहेब कानाशी लागला, "गोरख, उजवंच पाड बाबा. गँग बसून हाय. उद्या साहेब आपल्या सगळ्यांनाच घरी धाडतील." गोरख म्हणाला, "ते आपल्या हातात नसतं." आणि त्यानं खरंच इमानानं फुलं लावली. माणसं गोळा झाली. किती तरी वेळ काही पडेना. तेवढ्यात सिमेंटची गाडी मागं घेताना पत्र्याला घासली, मोठा आवाज झाला, सगळे तिकडं वळले.

आणि डावं फूल पडलं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय आक्का. उचललं. शेंदूर ओला होता, त्यात दाबून परत चिकटवलं. माणसं वळली तव्हा देव होता तसाच. थोड्या वेळानं उजवं पडलं. पडणारच होतं, दुसरं चिकटवून टाकलं होतं मी."

म्हसोबा वाजत-गाजत मागच्या गल्लीतल्या देवळात गेला. फरशी, कुलूप, पंखा. तिथल्या मंडळाचा नियम, दारात टोपली चालणार न्हाई. उषाबाईनं शब्द पाळला, जागा सोडली. आता दिवसभर शिपायापुढं उठ-बस करते.

मला राग आला, आणि त्याच्या पडलेल्या खांद्यांकडं पाहून माया बी आली. दोन्ही एकदम आले की माणसाला काही सुचत न्हाई. मी म्हटलं, "माझ्यापुढं रडून काय उपयोग? तिला सांग."

हाताला धरूनच नेला. उषाबाई त्याला पाहून हसली. "आलास का रे? लांबून लांबून जातोस, मला वाटलं चहा गोड न्हाई लागला."

गोरख खाली बसला. "मावशी, त्या दिवशी डावं..."

"पडलं होतं," ती म्हणाली. हारातला दोरा दातानं तोडला. "पाह्यलं मी. देवापुढं मीच बसले होते, मी कशाला गाडीकडं पाहीन? रोजच्या आहेत गाड्या."

गोरखचं तोंड उघडंच राह्यलं. "मंग बोलली का न्हाईस?"

"बोलून? त्या माणसांनी तुला तिथंच तुडवला असता. आपल्याकडचं लेकरू. म्हटलं जाऊ दे, जागाच जाईल, जीव तर न्हाई जात."

माफी मागायला आलेला माणूस, त्याला मागायला जागाच उरली न्हाई. ती शिव्या देती तर तो हलका झाला असता.

आकांक्षा तिकिटं घेऊन हाका मारत होती. मी वर गेले. गोरख टोपलीपाशी बसून राह्यला. डब्यात गार हवा लागली, झाडांचे शेंडे खाली दिसले. मला आवडलं, खोटं कशाला सांगू. आणि आवडलं म्हणून लाज वाटली. ती गार हवा कोणाच्या जागेवरून जात होती ते मला आता माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी गोरख मंडळाच्या माणसांपुढं उभा राह्यला. सगळं सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ अंगावर धावले, "देवाला खोटं पाडलंस!" पोरं हसली, "आता काय देव परत तिकीट-खिडकीत बसवायचा?" गोरख म्हणाला, "देवाचं तुम्ही पाहा. मावशीला दारात बसू द्या." पुष्कळ वाद झाला. शेवटी रविवार आणि अमावास्या, एवढं कबूल केलं. बाकी दिवस नियम तो नियम.

पुढं धावड्याला आला तर गावातल्या सांडूचा लेक कौल लावायला बोलवायला आला. गोरख त्याला म्हणाला, "माझा हात खोटा हाय, दुसरा पाहा." का, ते बी सांगितलं. तव्हापासून कोणी बोलवत न्हाई. त्याला त्याचं वाईट वाटत न्हाई. तो परत पुण्याला गेला, आता त्याच ठेसनाखाली झाडू मारतो.

रविवारी त्याचा फोन लांबतो. मावशीचे नारळ खपले, मावशीनं चहा पाजला, सगळं सांगतो. बुधवारी-गुरुवारी फोन येतो तव्हा मागून शिपायाचा आवाज ऐकू येतो, "ए मावशी, उचल."

"काय रे?"

"काही न्हाई, आक्का. ऊन लई हाय इकडं."

"सावलीत बैस."

"मी सावलीतच हाय," म्हणतो, आणि फोन ठेवून देतो.