पऱ्हाट्याच असतील

मंडळी, सॅटेलाइटच्या चित्रांवरून वणवे शोधणं हे माझं काम. आज सकाळी सिल्लोडकडच्या एका शेतात आगीचा लाल ठिपका दिसला. कापूस निघाला की आपल्याकडं कपाशीच्या वाळल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवतातच. म्हणून मी तो ठिपका सोडून दिला.

दुपारच्या चित्रात शेजारचा अख्खा डोंगर काळा दिसला.

तिथं मेंढरं चारणाऱ्या, ओळखीच्या म्हाळूनानांना फोन लावला.

"मेंढरं वाचली, लेकरा. पण चारा, तितराची अंडी, सशाची पिल्लं, समदं गेलं. तुझ्या सॅटेलाइटला दिसलं नाय का?"

"दिसलं होतं, नाना."

नानांनी फोन ठेवून दिला.

आता जळालेल्या डोंगराची हद्द नकाशावर आखतोय. उद्या तुमच्या शिवारात धूर दिसला, तर तुम्हीही "पऱ्हाट्याच असतील" म्हणून पुढं जाल का?