आठ फूट पाणी

अंधेरीतल्या आमच्या सोसायटीचा सिमेंटचा तरणतलाव ऐंशीच्या दशकात सारखा गळायचा. नव्याने बांधायला पैसे नव्हते, म्हणून त्यात माती टाकून स्कूटर लावायला जागा करायचं जवळजवळ ठरलं होतं. शेवटचा उपाय म्हणून सेक्रेटरी वर्सोव्याहून होड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला घेऊन आले. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मला सुट्टी होती, म्हणून बघत बसलो.

"हळद आणा," तो म्हणाला. पूजाच असणार असं समजून सेक्रेटरींनी नारळही आणला.

"हा मागून," म्हणत त्याने नारळ बाजूला ठेवला. मग काठावर पालथा झोपून भिंतीलगतच्या पाण्यात चिमूटभर हळद सोडली. ती नुसतीच पसरली. तो हातभर पुढे सरकला, पुन्हा चिमूट सोडली. तासाभराने एका जागी हळदीची बारीक रेघ होऊन भिंतीत शिरली.

"भिंत इथं पाणी पिते," तो म्हणाला.

अशा तीन फटी निघाल्या. पाणी उपसून त्याने त्या सिमेंटने बुजवल्या, तलाव परत भरला आणि पाण्याच्या पातळीवर खिळ्याने खूण केली. दुसऱ्या सकाळी पाणी खुणेवरच होतं. सेक्रेटरी खूश होऊन पोरांना हाका मारायला लागले. म्हाताऱ्याने त्यांच्यापुढे नारळ धरला.

"अहो, हा काय समुद्र आहे?" सेक्रेटरी हसले.

"आठ फूट खोल हाय ना? माणसाला बुडायला तेवढं पुरतं."

सेक्रेटरींनी चपला काढल्या.