न मिटणारा जबडा

"बिबटच हाय, डॉक्टरसाहेब. सुळे पाहा ना," असं म्हणत फॉरेस्ट गार्डने तारेने बांधलेली कवटी टेबलावर ठेवली.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी चांदा जिल्ह्यात गुरांचा सरकारी डॉक्टर होतो आणि हाडं ओळखायची झाली की धानोऱ्याचे रेंजर मलाच बोलावत. रिझर्व्ह जंगलात कोणीतरी चोरून बिबट्या मारला होता. ही कवटी गार्डने मनिराम नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातून जप्त केली होती. मनिराम दारात उकिडवा बसला होता. केस झाली तर त्याची शेतराखणीची बंदूक जाणार आणि ऐन धानकापणीत तो तुरुंगात बसणार.

"लवकर लिहून द्या," रेंजर म्हणाले. ही घाई मला आवडली नाही. गार्ड तर माझ्या हातांवरून नजर काढत नव्हता.

वाघ, बिबट्या, कोल्हा, तरस, अस्वल हे सगळे शास्त्रात एकाच मांसाहारी गणात येतात. अस्वल मोहफुलं आणि वाळवी खातं, तरी त्याचा गण तोच. पुढे कुळं ओळखायला दात उपयोगी पडतात. मांजरकुळाच्या दाढा कात्रीसारख्या, मांस कापणाऱ्या. अस्वलाच्या चपट्या. शिवाय आपल्याकडच्या अस्वलाला वरचे पुढचे दात चारच असतात, बिबट्याला सहा.

खालच्या दाढा बघितल्या. कात्री. म्हणजे बिबट्याच. वरचे पुढचे दात मोजले तर चार. पुन्हा मोजले. मग तार सोडली आणि जबडा मिटवून पाहिला. मिटेना.

"मनिरामभाऊ, ही कुठं मिळाली?"

"वरचा तुकडा जंगलात पडून होता, साहेब. डुकरं धानात घुसून राह्यले, ते भ्याले पाह्यजे म्हून मेढीच्या खांबावर टांगला. खालचा मले ठाऊक नाई."

"खोटं बोलून राह्यला," गार्ड म्हणाला.

वरचं हाड उन्हाने पांढरं पडलं होतं. खालच्याला अजून मांस चिकटलेलं, वासही मारत होता. मी दोन्ही तुकडे रेंजरांपुढे सरकवले.

"वरचं जुनं अस्वल आहे. खालचा ताजा बिबट्या. हा जबडा ज्याने आणला, त्यालाच बिबट्याचं विचारा."

रेंजर गार्डकडे वळले. "तार कोणी बांधली रे?"

गार्डने टेबलावरची तार उचलून खिशात घातली. त्याचा मला मनापासून संताप आला.

मनिराम बंदूक घेऊन घरी गेला. गार्डच्या क्वार्टरच्या झडतीत बिबट्याचं कातडं निघालं. तेव्हापासून कोणी माझ्यापुढे पक्का पुरावा ठेवला, की मी आधी त्या पुराव्याचा जबडा मिटतो का ते बघतो.